जाळी, कोपरे आणि तडे

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेच्या स्टाव्हांगर शहराजवळच्या एका खोल फ्योर्डमध्ये काँक्रीटचा अवाढव्य तरंगता पाया हळूहळू पाण्याखाली उतरवला जात होता. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रासाठी तो बांधला होता. त्यात एकमेकांना चिकटलेले २४ दंडगोलाकार कप्पे होते आणि त्यांच्यावर पुढे ५७,००० टन वजनाचा मजला चढवायचा होता. आतल्या भिंतींवरचा पाण्याचा दाब ६५ मीटर खोलीइतका झाला तेव्हा मोठा आवाज झाला. एक भिंत फुटली होती. पाणी आत घुसले, ते पंपांना आवरेना, आणि थोड्याच वेळात सगळा सांगाडा बुडून तळावर आदळला. त्या आघाताची नोंद भूकंपमापकांवर सुमारे ३ रिश्टर अशी झाली. माणसे वाचली. नुकसान झाले सुमारे ७० कोटी डॉलरचे.

तीन दंडगोल एकमेकांना टेकतात तिथे मधे एक त्रिकोणी पोकळी उरते. या पोकळ्यांत समुद्राचे पाणी शिरत होते आणि भिंतींना ते सोसायचे होते. भिंत जिथे दंडगोलांना मिळते त्या टोकाशी तिला कातरू पाहणारा जोर सगळ्यात जास्त. आराखडा करताना नॅस्ट्रान या नावाजलेल्या संगणक-प्रणालीने हा जोर काढला होता, पण तो ४७ टक्के कमी निघाला होता. त्यामुळे भिंत जेवढी हवी तेवढी जाड झाली नाही, आणि आतल्या सळ्याही काही ठिकाणी आखूड राहिल्या. अपघातानंतर तीच भिंत काळजीपूर्वक, बारीक जाळी घेऊन, म्हणजे हिशेबात तिचे आणखी लहान तुकडे करून पुन्हा तपासली, तेव्हा ती ६२ मीटरला फुटेल असे उत्तर आले.

संगणकाने बेरीज-गुणाकारात कुठेच चूक केलेली नव्हती. त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने चोख दिले होते.

इंजिनिअरिंगच्या संशोधनात उच्च गणित कशाला लागते, या प्रश्नाला लोक सहसा ‘अवघड समीकरणे सोडवायला’ असे उत्तर देतात. समीकरणे तर आता यंत्रच सोडवते. उच्च गणिताचा खरा कस लागतो तो पुढच्या प्रश्नांवर: आलेले उत्तर सत्याच्या किती जवळ आहे, जाळी बारीक केली की ते जवळ जाईल की भलतीकडे, आणि विचारलेल्या प्रश्नाला मुळात एकच एक उत्तर आहे का. हे पाहायला पूल, विमाने आणि धरणे यांच्यामागे गेली सत्तर वर्षे उभी असलेली एकच पद्धत पुरेशी आहे. तिचे नाव फायनाइट एलिमेंट मेथड; नॅस्ट्रान चालते तीही तिच्यावरच. इंजिनिअरांच्या तोंडी नुसते ‘एफईएम’.

घन वस्तूवर भार आला की ती कुठे किती वाकते, आत किती ताण येतो, याची समीकरणे नाव्हिए आणि कोशी यांनी १८२०च्या दशकात मांडली. अडचण अशी की ती कागदावर नेमकी सुटतात फक्त साध्या आकारांसाठी: गोल, चौकोन, सरळ तुळई. खऱ्या यंत्राला भोके असतात, कोपरे असतात, जाडी जागोजागी बदलते.

वाट दाखवली वाल्टर रिट्झ या स्विस तरुणाने, १९०८-०९ मध्ये. भाराखालची वस्तू शेवटी त्या आकारात स्थिरावते ज्यात तिची एकूण ऊर्जा सर्वांत कमी असते, हे आधीच ठाऊक होते. रिट्झ म्हणाला, शक्य त्या सगळ्या आकारांत शोधत बसण्यापेक्षा आपल्या माहितीचे थोडे आकार घ्या, ते कमी-जास्त प्रमाणात मिसळा, आणि त्या मिश्रणांतले सर्वांत कमी ऊर्जेचे निवडा. एवढे करून तो ३१व्या वर्षी गेला. ही कल्पना रशियात बोरिस गालेर्किन या इंजिनिअरने १९१५ मध्ये आणखी व्यापक केली. राजकीय चळवळीपायी तुरुंगवास झालेल्या या गृहस्थाने आपला पहिला तांत्रिक लेख कोठडीतच लिहिला होता.

१९४३ मध्ये रिखार्ड कूरां या गणितज्ञाने एका लेखाच्या परिशिष्टात पुढचे पाऊल टाकले. सगळ्या वस्तूला पुरेल असा एक आकार कशाला शोधायचा? वस्तूचे त्रिकोणी तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात अगदी साधे, सरळ रेषेतले सूत्र घ्या, आणि गोधडीतल्या तुकड्यांसारखे ते शिवणीवर जुळवा. पोकळ चौकोनी दांड्याला पीळ दिला तर काय होते, याचे गणित त्यांनी अशा मोजक्या त्रिकोणांनी करून दाखवले. तेव्हा त्यावर फारसे काही घडले नाही. शेकडो समीकरणे हाताने सोडवणार कोण!

दहा वर्षांनी बोईंग कंपनीत वेगळीच निकड उभी राहिली. जेट विमानांचे पंख त्रिकोणी होऊ लागले होते आणि पंख म्हणजे एक लांब तुळई असे समजून केलेले जुने हिशेब त्यांना लागू पडेनात. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी पंखाच्या पत्र्याचे त्रिकोण-चौकोन करून प्रत्येकाचा ताठरपणा काढला आणि ते संगणकात जोडले. त्यांचा लेख १९५६ चा. रे क्लफ यांनी १९६० मध्ये पद्धतीला आजचे नाव दिले, आणि बर्कलीच्या विद्यापीठात एडवर्ड विल्सन यांच्यासोबत ती अमेरिकेतल्या अर्कान्सॉ राज्यातल्या नॉर्फोर्क धरणाला लावली. त्या धरणाला उभा तडा गेलेला होता आणि तशा स्थितीत ते किती सुरक्षित आहे हे सरकारला हवे होते. चीनमध्येही फंग कांग हे गणितज्ञ धरणांच्या हिशेबांतूनच, पाश्चात्त्यांशी संपर्क नसताना, याच पद्धतीपाशी पोहोचले; त्यांचा लेख १९६५ चा.

इथपर्यंतची गोष्ट इंजिनिअरांच्या अंगच्या धिटाईची आहे. तुकडे करून जोडले, उत्तरे बरी येत होती, प्रयोगाशी जुळत होती. जाळी बारीक केली की उत्तर सुधारते असा अनुभव होता. पण अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे, आणि जिथे उत्तर सुधारत नव्हते तिथे का नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

फ्रेंच गणितज्ञ जाँ सेआ यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलेली एक गोष्ट आज या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या काही प्रकरणांतच येते. निवडलेल्या तुकड्यांतून खऱ्या आकाराची जितकी चांगली नक्कल शक्य आहे, जवळजवळ तितकी चांगली नक्कल ही पद्धत आपोआप शोधून काढते. म्हणजे उत्तर चुकले तर दोष हिशेबाच्या रीतीचा नसतो, जाळीचा असतो. हे सिद्ध करायला लागणारी भाषा, म्हणजे सोबोलेव्ह अवकाश नावाचे अमूर्त प्रकरण, १९३०च्या दशकात शुद्ध गणितात तयार झाली होती. धरणे बांधण्याचा तिथे विषयच नव्हता.

सेआच्या प्रमेयात एक बारीक अट आहे आणि स्लाइप्नरच्या भिंतीचे मर्म नेमके तिच्यात सापडते. ‘चांगली नक्कल’ इथे ऊर्जेच्या मापाने मोजलेली असते, सगळ्या वस्तूवर बेरीज करून. एकूण बेरीज उत्तम असूनही एखाद्या कोपऱ्यातला ताण पार चुकलेला असू शकतो. तुळई किती वाकली याचे उत्तर ढोबळ जाळीतूनही बरे येते. टोकाशी कातरण्याचा जोर किती, याचे येत नाही, कारण तो मिळवायला आधीच्या उत्तराचा बदलाचा दर काढावा लागतो आणि त्यात त्रुटी फुगतात. त्या भिंतीच्या जाळीतले तुकडे मोठे होते, काही वेडेवाकडे होते, आणि टोकाचा आकडा मधल्या आकड्यांवरून पुढे ओढून काढलेला होता. गणिताने ज्या गोष्टीची हमी दिलीच नव्हती, तिच्यावर काँक्रीट ओतले गेले.

अशा हमींचा हिशेब मांडणाऱ्यांत इव्हो बाबुश्का यांचे नाव सर्वांत वर. प्रागमध्ये जन्मलेले बाबुश्का शिक्षणाने आधी सिव्हिल इंजिनिअर आणि मग गणितज्ञ. व्ल्टावा नदीवरच्या ऑर्लिक धरणाच्या बांधणीत काँक्रीट घट्ट होताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचा प्रश्न त्यांनी १९५०च्या दशकात हाताळला होता. १९६८ मध्ये ते अमेरिकेत गेले. पण त्यांच्या नावाने ओळखला जाणारा विरोधाभास त्याआधीचा आहे, आणि तो इतका विलक्षण आहे की पहिल्यांदा ऐकणारा इंजिनिअर तो खोटाच ठरवू पाहतो.

एक गोल, पातळ पोलादी पत्रा घ्या. तो कडेने नुसता टेकवलेला आहे, घट्ट आवळलेला नाही. वरून सर्वत्र सारखा भार आहे. मधोमध तो किती खाली दबेल, याचे नेमके सूत्र शंभराहून जास्त वर्षे माहीत आहे. आता वर्तुळाच्या जागी आत बसणारा बहुभुज घ्या: आधी दहा बाजूंचा, मग शंभर, मग दहा हजार बाजूंचा. दर वेळी बहुभुजाचे गणित अगदी अचूक करा. बाजू वाढतील तसतसा बहुभुज वर्तुळात मिसळून जातो, डोळ्याला फरक कळेनासा होतो. मग उत्तरही वर्तुळाच्या उत्तराला जाऊन मिळायला हवे. ते मिळत नाही. ते जाते तिसऱ्याच आकड्याकडे, आणि पोलादासाठी तो खऱ्यापेक्षा सुमारे २६ टक्के कमी असतो.

कारण कोपऱ्यात दडलेले आहे. सरळ कडेवर पत्रा वरखाली होऊ शकत नाही, पण कडेभोवती कलू शकतो. दोन कडा मिळतात त्या कोपऱ्यावर मात्र तो दोन्ही दिशांनी जखडलेला असतो, म्हणून तिथे त्याला कोणत्याच बाजूला कलता येत नाही. बाजू वाढवल्या की प्रत्येक कोपरा बोथट होतो खरा, पण कोपऱ्यांची संख्याही वाढते, आणि त्यांचा एकत्रित ताठरपणा कधीच ओसरत नाही. वर्तुळाला कोपराच नसतो. अशा ठिकाणी हजारो तुकड्यांची जाळी घेणारा इंजिनिअर जितका जास्त काटेकोर होईल, तितका जास्त ठामपणे चुकेल. उपाय आहेत, उदाहरणार्थ कडेला वक्र तुकडे वापरणे; पण रोग कळल्याशिवाय ते सुचत नाहीत.

गणितज्ञांनी निकाल द्यायचा आणि इंजिनिअरांनी मान डोलवायची, असे मात्र घडले नाही. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले ब्रूस आयर्न्स यांनी १९६५ च्या सुमारास ‘पॅच टेस्ट’ नावाची सोपी चाचणी काढली: काही तुकडे जोडून त्यांच्यावर सर्वत्र एकसारखा ताण द्यायचा, तुकड्यांनी तो हुबेहूब दाखवला तर ते वापरायला योग्य. एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग यांनी तिला गणिती बैठक दिली. मग १९८० मध्ये जर्मन गणितज्ञ श्टुमेल यांनी चाचणी पास होऊनही चुकीकडे नेणारे उदाहरण रचले. आयर्न्स आणि लोइकानेन यांनी १९८३ मध्ये ‘इंजिनिअरकडून बचाव’ अशा थाटाचा लेख लिहून उत्तर दिले. हे भांडण दोन्ही बाजूंना फायद्याचे ठरले. चाचणी कशी घ्यायची याच्या अटी त्यातून कडक झाल्या. दुखणी आणखीही होती. रबरासारख्या न आकसणाऱ्या वस्तूंच्या गणितात दाबाचे आकडे बुद्धिबळाच्या पटासारखे उलटसुलट येत. त्यांचा बंदोबस्त करणारी अट आज लादिझेन्स्काया, बाबुश्का आणि ब्रेझी या तिघांच्या नावाने ओळखली जाते. पातळ तुकडे विनाकारण ताठर होतात त्या ‘लॉकिंग’च्या दुखण्यावर बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये गंगन प्रताप यांनी मूलभूत काम केले.

या सगळ्यात महाराष्ट्राचे नाव एका दुःखद घटनेमुळे आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभेच राहिले, पण सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला आडवे तडे गेले. बहुतेक तडे एकाच पातळीवर होते, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली. कोयनेच्या भिंतीचा छेद पाहिला की ही पातळी लगेच ओळखू येते: वरून जवळजवळ उभी उतरणारी हवेकडची बाजू तिथे एकदम फाकून तिरकी होते.

धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर म्हणजे भिंतीच्या वजनाचा पाच टक्के भाग, वरपासून खालपर्यंत सारखाच, असे धरले होते. त्या काळी सगळीकडे हीच रीत होती आणि त्या हिशेबात भिंत निर्धोक होती. भूकंपाच्या वेळी धरणातच यंत्र होते, त्यामुळे हादऱ्याची नोंद हाती आली. जमिनीचा आडवा झटका गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास होता. क्लफ ज्या विभागात शिकवत त्याच बर्कलीच्या विभागात अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी ती नोंद कोयनेच्या छेदाच्या फायनाइट एलिमेंट नमुन्यात घातली. लेख १९७३ चा. भिंत एकसंध हलत नाही, तिचा माथा पायापेक्षा कितीतरी जोरात झुलतो, आणि ताण त्या वळणाच्या पातळीवर काँक्रीटच्या सहनशक्तीबाहेर जातो, असे त्यांना दिसले. तडे जिथे पडले होते तिथेच. जुनी रीत हे दाखवूच शकली नसती.

तेव्हापासून भूकंपात धरण कसे तडकेल याचे नवे गणित कोणीही मांडले की पहिली परीक्षा बहुधा कोयनेवर होते. अबॅकस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या उदाहरणसंचातही कोयना आहे. हादऱ्याची नोंद, भिंतीचा आकार आणि प्रत्यक्षात पडलेले तडे या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचा योग फार थोड्या ठिकाणी येतो.

तडा कुठे सुरू होईल हे सांगणे एक, आणि तो किती आत जाईल हे सांगणे दुसरे. दुसरा प्रश्न भलताच हट्टी निघाला. सोपा नियम असा वाटतो: एखाद्या तुकड्यातला ताण काँक्रीटच्या शक्तीबाहेर गेला की तो तुकडा तडकला म्हणायचे. पण कोयनेसारख्या आत वळलेल्या कोपऱ्यात समीकरणांप्रमाणे ताण अनंताकडे जातो. जाळी जितकी बारीक, तितका आकडा मोठा. म्हणजे पुरेशी बारीक जाळी घेतली तर हलक्या भारानेही धरण तडकले असे उत्तर येईल! तडकल्यावर काँक्रीट हळूहळू सैल होते हे धरले तरी सुटका नाही. मग तडा एकाच तुकड्याच्या रुंदीत गोळा होतो, आणि तुकडा निम्मा केला की तडा पडायला लागणारी ऊर्जाही निम्मी होते. शेवटी फुकटात फुटणारे काँक्रीट हाती येते.

यात संगणकाचा दोष नाही, जाळीचाही नाही. झाक आदामार या फ्रेंच गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच ‘नीट मांडलेला प्रश्न’ कशाला म्हणावे याच्या अटी घातल्या होत्या: उत्तर असावे, एकच असावे, आणि माहितीत किंचित फरक पडला तर उत्तरातही किंचितच पडावा. सैल होत जाणाऱ्या पदार्थाची साधी समीकरणे या अटींत बसत नाहीत. प्रश्नच लंगडा असेल तर महागडा संगणक त्याला वेगाने लंगडे उत्तर देतो, एवढेच. स्वीडनमध्ये हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये, आणि अमेरिकेत बझांट आणि ओ यांनी १९८३ मध्ये तड्याची ऊर्जा हा पदार्थाचा गुणधर्म म्हणून समीकरणातच गोवला. मग जाळी बदलली तरी तड्याला मोजावी लागणारी किंमत तीच राहू लागली.

त्यापुढचे वळण सर्वांत अनपेक्षित होते. डेव्हिड मम्फर्ड आणि जयंत शाह यांना १९८९ च्या लेखात प्रश्न पडला होता छायाचित्रांचा: फोटोत वस्तूंच्या कडा कुठे आहेत हे यंत्राने कसे ओळखावे? त्यांनी एक सूत्र मांडले, ज्यात चित्र गुळगुळीत ठेवण्याचा फायदा आणि प्रत्येक कडेच्या लांबीची किंमत यांचा मेळ घालायचा असतो. इटलीत अंब्रोसिओ आणि तोर्तोरेल्ली यांनी १९९० मध्ये दाखवले की सुरीच्या धारेसारखी कड किंचित पुसट, पट्ट्यासारखी धरली तर हेच सूत्र संगणकाला पेलते, आणि पट्टा अरुंद करत नेला की मूळ उत्तर परत मिळते. या दुसऱ्या भागाची सिद्धता ज्या हत्याराने होते ते एन्नियो दे जॉर्जी यांचे. जाळीचा बहुभुज वर्तुळाला मिळतो पण उत्तर मिळत नाही, अशा फसवणुकी ओळखण्यासाठी जणू ते घडवले होते.

फ्रान्समध्ये फ्रांकफोर आणि मारिगो यांनी १९९८ मध्ये तड्याचे गणित नव्याने मांडले: पदार्थात साठलेली ऊर्जा अधिक तड्याच्या पृष्ठभागाची किंमत, दोन्हींची बेरीज किमान. सूत्र मम्फर्ड-शाह यांच्याच घाटाचे. फोटोतली कड आणि काँक्रीटमधला तडा एकाच समीकरणात बसले. बुर्दँ यांना सोबत घेऊन त्यांनी २००० मध्ये पुसट पट्ट्याची युक्ती तड्याला लावली. आज ‘फेज फील्ड’ या नावाने ती काच, हाडे, बॅटरीचे इलेक्ट्रोड आणि खडक यांच्या संशोधनात वापरली जाते. तडा कुठून सुरू करायचा, कुठे वळवायचा, कुठे फुटून दोन करायचा, हे तिला सांगावे लागत नाही. किमान ऊर्जा शोधता शोधता तो वाट काढतो. पट्ट्याची रुंदी किती धरावी, भूकंपातल्या वेगवान हादऱ्यात किमान ऊर्जेचा नियम कितपत टिकतो, यावर अजून वाद चालू आहेत. अशा नमुन्यांची परीक्षाही कोयनेच्या छेदावर घेतली गेली आहे.

खुद्द कोयनेच्या भिंतीने या वादांची वाट पाहिली नाही. भूकंपानंतर तडे भरले गेले, सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला मागून काँक्रीटचे भक्कम आधार बांधले गेले, ते काम १९७३ पर्यंत चालले. पुढे २००० नंतर सांडव्याचा भागही जाड करण्यात आला.